जिन्यावरच्या खुर्च्या

वेतवाल्या काकांच्या दुकानाला दार होतं, पाटी नव्हती. इमारतीच्या जिन्याखाली जी तिरकी जागा उरते, जिथे लोक मोडक्या सायकली कोंबतात, तिथे त्यांनी आपलं बस्तान मांडलेलं. एक बुटकं स्टूल, भिजत घातलेल्या वेताची बादली, लाकडी खुंट्यांचा डबा आणि वर टांगलेल्या बिनबुडाच्या खुर्च्या. उंच माणूस आत शिरला की कपाळाला टेंगूळ घेऊनच बाहेर पडायचा. काका स्वतः अंगाने बेताचे. म्हणायचे, "दुकान माझ्या मापाचं शिवून घेतलंय."

खुर्ची विणून झाली की ते आधी गिऱ्हाइकाला तिच्यावर बसवत आणि आपण बाजूला उकिडवं बसून कान लावत. वेत कुरकुरला की चेहरा खुलायचा. "बोलतेय. आता वर्षानुवर्षं बोलेल." न बोलणारी खुर्ची ते हातची सोडत नसत. "मुकी आहे. उद्या या," म्हणायचे आणि सगळी वीण उसवायला घ्यायचे.

त्यांच्या दोन सवयी साऱ्या इमारतीला पाठ होत्या. एक, दुकानात कुणी चहा आणून ठेवला तर तो हमखास गार व्हायचा. वेत हातात असला की काकांना ना हाक ऐकू यायची ना कप दिसायचा. ओला वेत भोकातून ओढायचा, खुंटी ठोकून त्याचा ताण धरायचा, तो ढिला पडायच्या आत दुसरा ओवायचा. यात माणूस गुंतला की गुंतला. दुसरी सवय बरोबर उलटी. कुणाच्या दारी बसले, की समोर येईल ते मुकाट्याने पिऊन टाकायचे. आवडो न आवडो. "एवढं प्रेमानं केलंय, परत कसं द्यायचं?" काकू चिडून म्हणायच्या, "तुम्हाला कुणी रॉकेल दिलं तरी बशीत ओतून प्याल." काका विचार करून म्हणायचे, "साखर घातली असेल तर."

दुकान तळाशी आणि घर अगदी वर, चौथ्या मजल्यावर. मधे लिफ्ट वगैरे काही नाही. आयुष्यभर हा जिना त्यांनी खांद्यावर खुर्ची घेऊन चढला-उतरला. त्यामुळे पहिल्यांदा दम लागला तेव्हा त्यांनी दोष जिन्याला दिला. "पायऱ्या उंच झाल्यात. इमारत खचली की असं होतं." मग बादली उचलताना दम लागायला लागला. मग बोलताना. आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून ते हातांच्या खुर्चीत बसूनच झोपायला लागले. चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळी पायात रुतलेला दिसायचा. लेकीने तो पाहिला आणि वडिलांचं एक अक्षरही ऐकून न घेता त्यांना दवाखान्यात नेलं.

लेक बेकरीत कामाला होती. पहाटे जायची, दुपार कलल्यावर यायची. लग्न करून गेली होती, परत आली होती, आणि त्याबद्दल घरात कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता. आईबाप आणि ती, एवढंच घर.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायच्या. "हृदय थकलंय. पंप चालतोय, पण पुढे ढकलायला जोर उरला नाही. मग अंगात पाणी साचतं. पायांत, पोटात, छातीत. मीठ अगदी कमी करायचं. दिवसभराचं पिण्याचं माप ठरवून देते, त्यात पाणी, चहा, दूध, सूप, सगळं आलं." एवढं ऐकून लेक औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहायला गेली. पुढचं काकूंनी एकट्यांनी ऐकलं. "रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत चढलेलं दिसलं, तर लगेच मला फोन करायचा."

काकूंनी मान हलवली. पण त्यांची नजर होती नवऱ्याच्या गळ्याच्या हाडांवर. एवढी वर आली होती ती, की टोपी अडकवावी. वजन चढलं तर कळवा, म्हणजे आनंदाची बातमी कळवायची, असं त्या धरून चालल्या. एवढ्या मोठ्या डॉक्टर, पण पेशंटची किती काळजी, असं वाटून त्यांना भरूनही आलं.

"आणि माझं दुकान?" काकांनी विचारलं.

"जिना एकदम चढायचा नाही. दर मजल्यावर बसायचं. दम गेला की पुढे."

"म्हणजे उतरू शकतो?"

"बसत बसत."

बाकी काही नाही, एवढा एकच शब्द काकांनी घरी नेला.

घरी त्यांना वर चढवलं ते त्यांच्याच, हात असलेल्या खुर्चीत बसवून. पुढून पहिल्या मजल्यावरचा बसड्रायव्हर, मागून दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी, आणि पुढे सूचना देत तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई. ड्रायव्हर आडदांड, शिंपी काडीसारखा, त्यामुळे खुर्ची सारखी मागे कलायची.

"अरे, वळण घे की! रोज बस वळवतोस ना?" मास्तरीणबाई.

"बसला मागून शिंपी नसतो ढकलायला."

"मी ढकलत नाहीये, मी लोंबकळतोय," शिंपी खालून म्हणाला.

काका वरून म्हणाले, "भांडू नका रे. खुर्ची ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी लेक कामावरून येऊन जिना चढू लागली, तर पहिल्या मजल्याच्या कठड्याशी एक खुर्ची. ड्रायव्हरच्या स्वयंपाकघरातली, पाठीला हळदीचा डाग असलेली. दुसऱ्या मजल्यावर शिंप्याची, ज्यात तो काज करायला बसायचा ती. तिसऱ्यावर मास्तरीणबाईंची, वर उशीसुद्धा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. 'दर मजल्यावर बसायचं' हे काकांनी वर जाताना एकदा म्हटलं होतं, तेवढं पुरलं होतं. तिन्ही खुर्च्यांची वीण काकांच्याच हातची. मधल्या पायरीवर उभी राहून ती पोर मनसोक्त रडली, मग ओढणीने तोंड पुसून वर गेली.

मिठाचं तिने सगळ्यांना बजावून सांगितलं. पाण्याचं सांगायचं सुचलं नाही. पाणी घरचं, बाटली घरची. ती रोज पहाटे बाटली भरून ठेवायची, बाबा दिवसभर त्यातूनच पितात हे आई बघायची. लोकांना कशाला सांगायचं?

शेजाऱ्यांनी मिठाचं व्रत घेतल्यासारखं पाळलं. मास्तरीणबाईंनी अळणी भाजी आधी स्वतः खाऊन बघितली आणि त्यांचा जीव कळवळला. असलं जेवायचं माणसाने? मग काका खाली उतरताना खुर्चीत टेकले की त्या कपभर गरम दूध पुढे करायच्या. "पोटात काहीतरी जाऊ दे." दुसऱ्या मजल्यावर शिंपी चहा द्यायचा. "कोरा आहे काका, काही बाधत नाही." पहिल्यावर ड्रायव्हर सकाळची फेरी संपवून आलेला असायचा, तो टोमॅटोचं सूप करायचा, बिनमिठाचं, आणि काका पीत असताना अभिमानाने बघत उभा राहायचा. चढताना पुन्हा तेच, उलट्या क्रमाने. प्रत्येकाला वाटायचं, आपण देतोय तेवढंच. आणि काका काय सांगणार? प्रेमाने दिलेलं परत कसं करायचं?

काका दुकानात पोचत होते, यापुढे कुणाला काही सुचत नव्हतं. जिन्याखालून पुन्हा खुंटी ठोकल्याचा टक टक आवाज यायला लागला होता. एकदा तर त्यांनी शिंप्याला जाता जाता ऐकवलं, "तुझी खुर्ची एका बाजूने दबलीय. सरळ बसत जा. माणूस वाकडा बसला की वीण बदनाम होते."

इकडे लेक पहाटे गेली की काकू रोज सकाळी त्यांना काट्यावर उभं करायच्या. वजनकाटाही ड्रायव्हरने आणून दिलेला. पहिल्या आठवड्यात काटा जरासा पुढे सरकला. काकूंचा चेहरा उजळला. पुन्हा सरकला. त्या कठड्यावरून खाली वाकून म्हणाल्या, "बाई, ऐकलंत का? अंग धरतायत हो!" तिसऱ्या मजल्यावरून मास्तरीणबाईंनी ते दुसऱ्यावर पोचवलं, दुसऱ्यावरून पहिल्यावर गेलं. त्या दिवशी दुधात मलई आली, सूप मोठ्या वाटीत आलं. डॉक्टरबाईंना फोन करावा असं काकूंच्या मनात आलं होतं. पण किती कामं असतात त्यांना, चांगलीच तर बातमी आहे, सांगू पुढच्या भेटीत, म्हणून त्यांनी फोन उचलून परत ठेवला.

त्या दिवसांत बेकरीत सणाची गर्दी, लेक रात्री उशिरा यायची. तिला सुट्टी मिळाली त्या दिवशी काका खिडकीशी बसले होते. खांदे वर ओढलेले, दर दोन शब्दांना थांबत.

"बाबा, हे काय?"

"काही... नाही. आज जिना... जरा चढा आहे."

"तू बघ तरी," काकू म्हणाल्या, "चेहरा कसा भरलाय! वजन सारखं वाढतंय."

"वाढतंय? कधीपासून?"

आईचं उत्तर पुरं व्हायच्या आत ती खाली बसली होती. वडिलांच्या नडगीवर अंगठा दाबून तिने उचलला. कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडला. बेकरीत रोज कणीक दाबून बघणाऱ्या तिला माहीत होतं की कणीक चांगली असली की खड्डा परत वर येतो. हा येईना.

तिने फोन लावला. पलीकडून डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "आत्ता घेऊन या."

पुन्हा खुर्ची, पुन्हा ड्रायव्हर आणि शिंपी. या वेळी कुणी थट्टा केली नाही. लेक पुढे चालत वाट मोकळी करत होती. तिसऱ्या मजल्यावर खुर्ची बाजूला सारायला ती वाकली, तर खुर्चीखाली रिकामा कप, तळाशी दुधाची साय. दुसऱ्या मजल्यावर खुर्चीखाली कप, चहाच्या कडा. पहिल्यावर सुपाची वाटी, आत चमचा. तिने त्या वाटीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. काकांनी नजर चुकवली. शाळेतल्या पोरासारखी.

दवाखान्यात औषध वाढवलं, सुईने दिलं, अंगातलं पाणी काढलं. काही दिवस गेले. काकूंना जेव्हा नीट समजावून सांगितलं तेव्हा त्या भिंतीला टेकल्या. "फोन हातात होता गं माझ्या. मी त्यांना बुडवत होते आणि वर साऱ्या जिन्याला पेढे वाटावे तसं सांगत होते."

"आई, तू एकटीने नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून." लेकीने आईची वेणी सोडून पुन्हा घातली. बोलण्यापेक्षा ते बरं होतं.

पलंगावर काका छताकडे बघत होते. "बादलीत वेत भिजत टाकलाय. कुजेल."

"डॉक्टर म्हणाल्या, तूर्त एकच मजला. तोही हळू. वजन जागच्या जागी राहिलं तर पुढचं बघू."

"एकच मजला." काका म्हणाले, "तिथं काय आहे? बाईंचं दार आणि पायपुसणं. दुकान तर खाली."

त्या दिवसापासून त्यांनी बोलणं टाकलं. रागावले नव्हते. नुसते विझत चालल्यासारखे. घरी आले तरी तसेच. वजन जागेवर, पायांची सूज उतरलेली, गोळ्या वेळेवर, आणि माणूस भिंतीकडे तोंड करून.

घरी परतल्या दिवशीच लेकीने काय केलं, तर तिन्ही खुर्च्या उचलून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवल्या. कप धुऊन, त्यावर. मास्तरीणबाईंनी दार उघडलं.

"बाई, तुमची खुर्ची."

"अगं पण... मी तर कपभरच द्यायचे."

"तुम्ही कपभर, शिंपीमामा कपभर, खाली वाटीभर. उतरताना आणि चढताना. बाबांचं दिवसाचं माप जिन्यातच भरायचं, आणि घरात आम्ही बाटली मोजत बसायचो."

मास्तरीणबाईंनी बोटांवर मोजलं. आयुष्यभर पोरांना बेरीज शिकवलेली बाई ती. खालच्या दारात शिंपी आणि ड्रायव्हर येऊन उभे राहिले होते, तेही ऐकत होते. ड्रायव्हरने हातात वाटी धरली होती, ती कुठे ठेवावी त्याला कळत नव्हतं.

"मी एक शब्द बोलले नाही पाण्याबद्दल, चूक माझीही आहे," लेक म्हणाली. आवाज चढला होता तो उतरला. "पण आता कृपा करा. काही देऊ नका."

"म्हणजे माणूस दारात येऊन बसेल आणि आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं?" शिंप्याने विचारलं. भांडून नव्हे, खरंच कळेना म्हणून.

"बाबांना नाही म्हणता येत नाही, मामा. तुम्ही पुढे केलं की ते पिणार."

वरून काकूंचा आवाज आला. त्या कठड्याला धरून कधी उभ्या राहिल्या होत्या कुणी पाहिलं नव्हतं. "नाही म्हणता येत नाही, हे खरं. पण वेत हातात असला तर त्यांना कप दिसतच नाही." त्या एक पायरी खाली आल्या. "दुकानात किती चहा गार केलेत त्यांनी. मी स्वतः नेऊन दिलेले. दरवेळी भांडले त्यावरून."

खाली तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ड्रायव्हर वाटी खिशात कोंबायला गेला, ती मावेना, तशीच शिंप्याच्या हातात देऊन तो जिना उतरू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक कामावर गेलेली. काकूंनी नवऱ्याला काट्यावर उभं केलं, काटा जागेवर. "चला, एक मजला उतरायचा ना?"

"कशाला?"

"बाईंनी बोलावलंय. त्यांची खुर्ची बिघडलीय."

"ती कशी बिघडेल? माझ्या हातची आहे." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आवाजात जरा धार आली.

हळूहळू, कठडा धरून, मधे एकदा टेकून, ते तिसऱ्या मजल्यावर आले. तिथे त्यांचं बुटकं स्टूल होतं. शेजारी ताज्या पाण्याची बादली, त्यात वेत. खुंट्यांचा डबा. भिंतीला टेकवलेली मास्तरीणबाईंची खुर्ची, आणि तिची वीण मधोमध टराटरा कापलेली.

काका बघतच राहिले. "हे कुणी केलं?"

"मी," मास्तरीणबाई म्हणाल्या. कात्री अजून हातात होती. "शिंप्याची आणलीय. चांगली चालते."

"अहो, चांगली बोलती खुर्ची होती ती! वेड लागलं का तुम्हाला?"

"तुम्हाला राग आला असेल तर बरंच झालं."

शिंपी दोन पायऱ्या खाली उभा होता. "काका, माझीही कापून ठेवलीय. बाईंची झाली की ती. एका बाजूने दबली होती म्हणालात ना."

"आणि माझी हळदीची," ड्रायव्हर त्याच्याही खालून. "फक्त ती मी कापली नाही. बसलो आणि फाटली. कालच, तुम्ही परत दिल्यावर. सांगायला लाज वाटत होती."

काकांनी स्टूल पायाने जरा सरकवलं. उजेड कुठून येतो ते बघितलं. मग बसले. कापलेले धागे भोकांतून एकेक उपसून बाजूला टाकू लागले. तोंडाने पुटपुटणं सुरूच. "मी उतरणार होतो खाली. दुकानच चढून आलं वर. दम नाही लागला त्याला? कात्रीने कापतात का वीण? सुरी तिरकी धरून कडेने काढतात. मास्तर लोक..." पुटपुटणं बारीक होत गेलं आणि थांबलं. वेत हातात आला होता.

दुपार कलल्यावर लेक जिना चढत आली, तर वरून टक टक आवाज. ती दुसऱ्या मजल्यावरच थांबली. आवाज तळातून येत असे इतकी वर्षं. आज वरून येत होता. पायांचा आवाज न करता ती चढली आणि कोपऱ्यावरून डोकावली. वडील दुपारचं जेवण, झोप उरकून पुन्हा येऊन बसले होते. चार बोटं रुंद नवी वीण झाली होती. दारात मास्तरीणबाई कोबी चिरत, शिंपी पायरीवर बसून बटणं लावत.

तिने वर जाऊन बाटलीतलं मापातलं पाणी बघितलं. चहाला वाव होता. छोट्या कपात, मोजून, तिने केला आणि घेऊन आली.

"बाबा, चहा. हा मापातला आहे. हा घ्यायचा."

"हं," काका म्हणाले. वेत दातांत धरलेला.

तिने कप स्टुलाशेजारी ठेवला. शिंप्याने कपाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. ती पायरीवर शिंप्याच्या बाजूला टेकली. बेकरीत दिवसभर उभी असायची, पाय ठणकत होते. काकांनी वेत ओढला, खुंटी ठोकली, बोटाने तारेसारखा छेडून ताण बघितला, मान हलवली, काढला, पुन्हा ओवला.

बऱ्याच वेळाने काकूंनी वरून हाक मारली, "अहो, चहा घेतलात का?"

उत्तर आलं नाही. लेकीने हात पुढे करून कपाला बोट लावलं. भरलेला होता, आणि पार गार. ती आईकडे बघून हसली आणि कप तसाच राहू दिला.